सांकवाळची लॅटिन शाळा

येलहंक्याचा पत्ता सांगताना दोन खुणा हमखास सांगाव्या लागतात. एक म्हणजे हवाई दलाचा तळ. एअरो इंडियाच्या दिवसांत तिथली विमानं आमच्या गच्चीवरून अशी गर्जत जातात की स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही. दुसरी खूण रेल्वेचा कारखाना. १९८४ पासून इथे रेल्वेची चाकं आणि आस तयार होतात. आता त्याचं नाव रेल व्हील फॅक्टरी आहे, पण जुनं नाव होतं व्हील अँड ॲक्सल प्लँट. चाक आणि आस.

लॅटिनमध्ये चाकाला 'रोता' म्हणतात आणि आसाला 'आक्सिस'. संस्कृतात 'रथ' आणि 'अक्ष'. या दोन्ही जोड्या एकाच फार जुन्या मुळातून फुटलेल्या आहेत. आपल्या बैलगाडीचा आस आणि रोमन गाडीचा आक्सिस हे एकमेकांचे लांबचे चुलतभाऊ!

लॅटिनची आठवण यायला कारण घडलं ते सांकवाळ. गोव्यातल्या या गावात सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी लॅटिनची एक छोटी शाळा चालत होती. पण तिथवर पोचायची वाट येलहंक्यातूनच निघाली, म्हणून सुरुवात इथून.

बोधवाक्य आहे, तास नाही

बेंगळुरूत मिशनरी शाळा भरपूर. सेंट जोसेफ्सच्या चिन्हावर लिहिलेलं असतं, 'फिदे एत लाबोरे'. अर्थ, श्रद्धेने आणि श्रमाने. बिशप कॉटन ही शाळा कॅथलिक नव्हे, अँग्लिकन. पण तिचं बोधवाक्यही लॅटिनच: 'नेक देक्स्त्रोर्सुम नेक सिनिस्त्रोर्सुम', म्हणजे ना उजवीकडे, ना डावीकडे. यातल्या 'देक्स्तेर'चा, उजव्याचा, आपला भाऊबंद म्हणजे 'दक्षिण'. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा हातही. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला जी दिशा येते, ती दक्षिण.

मुलं ही वाक्यं शर्टाच्या खिशावर मिरवतात, पण वेळापत्रकात लॅटिनचा तास नसतो. पूर्वी चित्र वेगळं होतं. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला दुसरी भाषा म्हणून संस्कृत आणि फारसीसारखीच लॅटिनही घेता येत असे.

आता आमच्या घरातली गोष्ट. लेक सातवीत आहे. शाळेत इंग्रजी, कन्नड आणि हिंदी. मराठी फक्त घरात. तिला मराठी वाचायला बसवलं की तिचा एकच प्रश्न असतो: "ज्या भाषेचा पेपरच नाही, ती शिकायची कशाला?"

खरं तर मराठी या गावाला परकी नाही. बेंगळुरू वसवणारे केंपेगौडा हे येलहंक्याचेच नाडप्रभू. त्यांच्या वंशजांकडून १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. तेव्हापासून या भागात मराठी बोलणारी घरं आहेत. भावसार समाजाच्या कित्येक घरांत आजही मराठी बोलली जाते. दुकानाची पाटी कन्नडमध्ये, हिशेब कन्नडमध्ये, आणि आजीची हाक मात्र मराठीत. पिढ्यान्‌पिढ्या या भाषेचा कोणी पेपर दिलेला नाही.

लेकीच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ते सापडलं गोव्यात.

कॅसलरॉकचा घाट

भाचा बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसला शिकतो. बेंगळुरूतल्या पालकांना हा कॅम्पस नीट ठाऊक असतो, पण तो ज्या गावाच्या हद्दीत आहे त्या गावाचं नाव फारसं ठाऊक नसतं. ते गाव सांकवाळ. पावसाळा सरता सरता भाच्याला भेटायला जायचं ठरलं आणि यशवंतपूरहून वास्कोच्या गाडीत बसलो.

ही गाडी आपण कुठून कुठे चाललो आहोत ते कानांना सांगत जाते. तुमकुरू, दावणगेरेपर्यंत डब्यात निव्वळ कन्नड. हुबळी-धारवाडला कन्नडचा हेल बदलतो. लोंढ्याला चहावाल्याच्या हाकेत मराठी मिसळते. मग कॅसलरॉक येतं. ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज गोवा यांची सीमा इथे होती. इथून गाडी घाट उतरू लागते. बोगद्यांमागून बोगदे, आणि मध्येच खिडकीला दूधसागरचे तुषार. अंधारात धबधबा दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. खाली कुळ्याला पोचलो की डब्यातली भाषा कोकणी झालेली असते.

एका रात्रीत तीन भाषा, आणि कुठेही तुटक रेघ नाही. नकाशावरच्या सीमा स्टेशनवर असतात. भाषा मात्र एकमेकींत मुरत जातात.

सांकवाळ

झुआरी नदीच्या काठचं हे गाव. एका बाजूला कारखाने, कॅम्पस, विमानतळाकडे जाणारी वाहनं. आणि दुसरीकडे, नदीच्या अंगाला, एक उंच पांढरी भिंत एकटीच उभी. ही 'आरोग्यमाते'च्या चर्चची दर्शनी भिंत. १८३४ मध्ये आगीत चर्च जळालं, ही भिंत तेवढी राहिली. खिडक्यांमधून पलीकडचं आकाश दिसतं. जवळ गेलं की चुन्याखालचा तांबडा चिरा दिसतो.

सांकवाळची आणखी एक ओळख आहे. इथल्या लक्ष्मीनृसिंहाची मूर्ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडली त्या काळात, भक्तांनी खाडीपलीकडे वेलिंगला नेली. आज वेलिंगचं देऊळ पाहायला महाराष्ट्रातून पुष्कळ कुळं येतात. लॅटिनची गोष्ट सांगताना हेही सांगायला हवं. ती भाषा या गावात तलवार आणि जहाज यांच्या मागोमाग आली.

पण इथे ती शिकवली एका गावच्याच माणसाने. त्यांचं नाव जोसेफ वाझ.

वाझ यांचे वडील सांकवाळचे, आई बाणावलीची. जन्म आजोळी, २१ एप्रिल १६५१ रोजी. घरची भाषा कोकणी. सांकवाळला ते पोर्तुगीज शिकले आणि लॅटिन शिकायला आजोळी, बाणावलीला गेले. शिकायला आजोळी राहणारी मुलं आपल्याकडेही घरोघर होती, त्यामुळे हे वाचताना मला उगाच ओळखीचं वाटलं. पुढे जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात त्यांचं शिक्षण झालं आणि १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. मग गावी परत येऊन त्यांनी लॅटिनची शाळा उघडली. ज्या मुलांना पुढे सेमिनरीत जायचं आहे, त्यांची तयारी करून घेणारी शाळा.

जरा डोळ्यांपुढे आणा. समोर भरती-ओहोटीची झुआरी, मागे माड, भोवती कोकणी बोलणारी मुलं, आणि पाठ चालला आहे रोमच्या भाषेचा. ही भाषा त्या मुलांच्या आईला येत नव्हती, मासळी बाजारात तिचा उपयोग नव्हता. पण त्या काळी गोव्याच्या बाहेरचं ज्ञान ज्या पुस्तकांत होतं, त्या पुस्तकांचं कुलूप लॅटिनच्या किल्लीने उघडत होतं.

तास कसा चालायचा?

वाझ स्वतः ज्या पद्धतीत शिकले, ती जेझुइट शाळांची पद्धत १५९९ मध्ये लेखी नियमांत बांधली गेली होती. युरोपात असो की आशियात, शाळा त्याच नियमांनी चालायची. व्याकरणाचे तीन वर्ग: खालचा, मधला, वरचा. त्यापुढे साहित्य आणि वक्तृत्व.

गुरुजी आधी उतारा मोठ्याने वाचत, मग शब्द न्‌ शब्द सोडवून सांगत. मुलं पाठ करत. पाठांतर ऐकायला मुलांमधलेच म्होरके नेमलेले असत. दर मुलाला एक जोडीदार-स्पर्धक असे. एकाने चूक केली की दुसऱ्याने ती पकडायची. शनिवारी सगळ्या आठवड्याची उजळणी. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतली परवचा आठवते ना? तसंच काहीसं, फक्त पाढ्यांच्या जागी विभक्त्या.

पुस्तकही ठरलेलं. मादेइरा बेटावर जन्मलेल्या मानुएल आल्वारेश यांनी १५७२ मध्ये छापलेलं लॅटिन व्याकरण जगभरच्या जेझुइट शाळांत चाले. १५९४ मध्ये ते जपानमधल्या आमाकुसा इथेही छापलं गेलं, आणि तिथल्या आवृत्तीत लॅटिन क्रियापदांच्या शेजारी जपानी रूपं घातली होती.

मराठी मुलाला हे व्याकरण परकं वाटायचं कारण नाही. 'फिदे एत लाबोरे' पुन्हा पाहा. 'फिदेस' म्हणजे श्रद्धा, 'लाबोर' म्हणजे श्रम. रूप बदलून 'फिदे' आणि 'लाबोरे' झालं की त्यात आपला 'ने' येऊन बसतो. श्रद्धेने, श्रमाने. इंग्रजीला त्यासाठी वेगळा शब्द पुढे लावावा लागतो. लॅटिनचं आणि मराठीचं काम शब्दाच्या शेपटीत होतं.

म्हणूनच शब्द मागेपुढे केले तरी वाक्य कोसळत नाही. 'पुएल्ला रेगी रोसाम दात्' म्हणजे 'मुलगी राजाला गुलाब देते'. 'राजाला मुलगी गुलाब देते' म्हणा किंवा 'गुलाब देते मुलगी राजाला', अर्थ तोच. 'रेगी'मधला शेवटचा 'ई' हा आपला 'ला'. लेकीला गाडीत हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे विभक्ती फक्त छळायला केलेली नाही तर!"

सासू, सासरे आणि दीर

लॅटिन शिकणाऱ्या आपल्या माणसाला खरी गंमत वाटते ती नात्यांच्या शब्दांत. एक एकत्र कुटुंबच समोर उभं राहतं.

पिता म्हणजे 'पातेर', माता म्हणजे 'मातेर', भ्राता म्हणजे 'फ्रातेर'. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढे पाहा. सासऱ्याला लॅटिनमध्ये 'सोकेर', संस्कृतात 'श्वशुर'. सासूला 'सोक्रुस', संस्कृतात 'श्वश्रू'. सुनेला 'नुरुस', संस्कृतात 'स्नुषा'. त्याच स्नुषेची मराठीत सून झाली. दिराला 'लेविर', संस्कृतात 'देवर'. नातवाला 'नेपोस', आणि त्याचा संस्कृत भाऊ 'नपात्'. विधवेला 'विदुआ'.

रोममध्येही सासू होती आणि तिचं नाव आपल्या सासूच्या नावाशी नातं सांगत होतं! ही माहिती मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली तेव्हा सर्वांत आधी उत्तर सासूबाईंचं आलं: "मग तिथेही सुना ऐकत नसतील."

मुलांसाठी आणखी एक गंमत कॅलेंडरमध्ये आहे. लॅटिनमध्ये सात म्हणजे 'सेप्तेम', आठ 'ओक्तो', नऊ 'नोवेम', दहा 'देकेम'. सप्त, अष्ट, नव, दश. मग सप्टेंबर सातवा असायला हवा, तो नववा कसा? कारण जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू होई. मार्चपासून बोटं मोजा, सप्टेंबर बरोबर सातवा येतो. आपला चैत्रही साधारण त्याच सुमाराला येतो.

या नात्याचा शोध लावण्याचं श्रेय सर विल्यम जोन्स यांना दिलं जातं. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत केलेल्या भाषणात त्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी, १५८३ मध्ये, गोव्यातून एका इंग्रज पाद्र्याने आपल्या भावाला पत्र लिहिलं होतं. इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं त्याने त्यात नोंदवलं. ते पत्र छापलं गेलं थेट विसाव्या शतकात. त्या पाद्र्याला आपण मराठी माणसं चांगलं ओळखतो: फादर थॉमस स्टीफन्स.

राशोल

सांकवाळहून मडगावमार्गे राशोल गाठता येतं. जुनं मराठी नाव रायतूर. इथे किल्ला होता. कृष्णदेवरायाने तो विजापूरकडून जिंकून १५२० मध्ये पोर्तुगीजांना दिला. किल्ल्याचं प्रवेशद्वार अजून उभं आहे. त्याच्यामागे टेकडीवर राशोलची सेमिनरी. मडगावला १५७४ मध्ये सुरू झालेलं जेझुइटांचं कॉलेज आदिलशाही हल्ल्यात उद्ध्वस्त झालं, तेव्हा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते इथे बांधलं गेलं. १७५९ मध्ये पोर्तुगीजांनी जेझुइटांना हाकललं, तरी शिक्षण थांबलं नाही. आजही इथे धर्मगुरू घडतात.

आवारात शिरल्यावर पहिली जाणवते ती शांतता. लांबच लांब ओवऱ्या, जाड भिंती, आणि खिडकीतून खाली भातशेतं आणि नदी.

१६१६ मध्ये स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' इथेच छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. मराठीचं कौतुक करणाऱ्या त्यातल्या ओव्या अनेकांच्या ओळखीच्या आहेत. इंग्लंडमध्ये जन्मलेला, विंचेस्टरच्या शाळेत लॅटिनवर वाढलेला हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि उरलेली चाळीस वर्षं इथेच राहिला. पुराण लिहायचं तर ते ओवीत, हे त्याला इथल्या लोकांत बसून कळलं.

त्यांचं दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं. त्यांनी कोकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, याच राशोलला छापलं गेलं. भारतीय भाषांच्या अगदी सुरुवातीच्या छापील व्याकरणांपैकी हे एक. त्याची चौकट लॅटिन व्याकरणाची आहे. जी माणसं लॅटिनच्या विभक्त्या घोकून मोठी झाली, त्यांना घराघरातल्या, बाजारातल्या कोकणीतही विभक्त्या दिसल्या. बोलीलाही नियम असतात, तीही शिकता आणि शिकवता येते, हे त्यांना कागदावर मांडता आलं.

तीन वर्षांची मुदत

आता गोष्टीतला काळा भाग. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला: लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. हा व्हाइसरॉय म्हणजे काउंट ऑफ आल्व्होर, ज्याला वर्षभरापूर्वीच संभाजी महाराजांनी गोव्यात घुसून जेरीस आणलं होतं.

ज्या भूमीत मराठीतलं पुराण आणि कोकणीचं व्याकरण छापलं गेलं, तिथेच अर्ध्या शतकात भाषा सोडण्याचा फतवा निघाला. लिहिणारे पाद्री आणि राज्य चालवणारे व्हाइसरॉय एकाच धर्माचे, एकाच राजाच्या छत्राखालचे. पण एकाला लोकांची भाषा शिकावीशी वाटली, आणि दुसऱ्याला ती मोडावीशी वाटली.

वाझ कोणत्या बाजूचे, हे त्यांच्या पुढच्या आयुष्यातून दिसतं. १६८७ मध्ये ते श्रीलंकेला गेले. तिथे डचांनी कॅथलिकांवर बंदी घातली होती, म्हणून मजुराच्या वेषात. तिथे ते तमिळ शिकले, सिंहली शिकले. कँडीला हेर समजून त्यांना कैदेत टाकलं गेलं. पुढे देवीची साथ आली तेव्हा, घरच्यांनीही टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी सेवा केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचं निधन झालं. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. त्यांचे सहकारी जाकोम गोन्साल्विस, दिवाडी बेटावरचे गोवेकर, सिंहलीत इतकं लिहून गेले की श्रीलंकेतल्या कॅथलिक साहित्याचा पाया त्यांनी घातला असं मानलं जातं.

कोकणी घरात जन्मलेली, लॅटिन शिकलेली ही माणसं परमुलखात गेली आणि तिथल्या लोकांच्या भाषा शिकली. एक भाषा मन लावून शिकलेल्या माणसाला दुसरी शिकायची भीती उरत नाही, असं ही आयुष्यं पाहताना वाटतं.

राजाश्रय कोणाला, आयुष्य कोणाला

लॅटिनचं पुढे काय झालं? तिच्यामागे राज्य होतं, चर्च होतं, छापखाना होता, परीक्षा होत्या. तरी ती गोव्याच्या कोणत्याही स्वयंपाकघरात शिरली नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. त्यानंतर वसईत मिस्सा मराठीत सुरू झाली, गोव्यात कोकणीत, बेंगळुरूत कन्नड आणि तमिळमध्ये. भारतीय भाषांतल्या आणि भारतीय वळणाच्या उपासनेचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही त्याच दशकात उभी राहिली, आणि ती आमच्या बेंगळुरूत आहे. शाळांमधून लॅटिनचे तास हळूहळू गेले.

आणि जिला तीन वर्षांत संपवायचं होतं, ती कोकणी? १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली. १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. सांकवाळच्या नाक्यावर नारळवाल्याशी बोलायला तीच लागते.

यातून लॅटिन शिकवणं वाया गेलं असं मात्र वाटत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात एक कलम आहे, क्रमांक २४९. होतकरू धर्मगुरूंना काय शिकवावं, याबद्दल ते सांगतं. त्यात दोन भाषांची नावं शेजारी शेजारी येतात. मुलांना त्यांची मातृभाषा नीट शिकवावी, आणि लॅटिनही चांगली यावी. आधी मातृभाषा, मग लॅटिन. सांकवाळच्या शाळेनंतर तीनशे वर्षांनी लिहिलेलं हे कलम वाचलं, आणि मला वाटलं, हे कोणत्याही घराला लागू पडेल.

पेपर नसलेली भाषा

राशोलच्या पायऱ्यांवर बसून लेकीला सांगितलं, "ज्या भाषेचा पेपर होता, जिच्यामागे राजा होता, तिचे तास बंद पडले. जिचा कोणी पेपर घेतला नाही, जिच्यावर बंदी आली, ती खालच्या शेतात आत्ता ऐकू येते आहे." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण लॅटिन मला आवडली. सोक्रुस, नुरुस."

तेही खरंच आहे. लॅटिनने तिला तिच्याच भाषेकडे पाहायला लावलं. सासू आणि सून हे शब्द ती जन्मापासून ऐकते, पण त्यांना एवढा मोठा इतिहास आहे हे तिला एका परक्या भाषेने सांगितलं. स्टीफन्स यांचंही हेच झालं असेल का? लॅटिन येत होती, म्हणून त्यांना इथल्या भाषेचं रूप दिसलं.

परत आल्यावर आम्ही घरात एक साधा नेम सुरू केला आहे. रविवारी संध्याकाळी अर्धा तास. शेजारची दोन भावसार मुलंही येतात; त्यांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. म्होरके नेमले आहेत, जोडीदार-स्पर्धक आहेत, आणि आठवड्याची उजळणी आहे. पद्धत १५९९ ची, भाषा आपली. परीक्षा नाही. मुलं येतात ती शब्दांच्या गमतीसाठी आणि नंतरच्या भज्यांसाठी. कशासाठी का होईना, येतात.

तुम्हीही महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तर एवढं करून पाहा. शाळा उघडायला इमारत लागत नाही. सांकवाळच्या त्या शाळेची इमारत आता कोणी दाखवत नाही, पण तिची गोष्ट आपण अजून सांगतो आहोत.

जाणार असाल तर

बेंगळुरूहून यशवंतपूर-वास्को गाडीने मडगावला उतरणं सोयीचं. मुंबई-पुण्याकडून कोकण रेल्वेनेही मडगावच गाठावं. तिथून राशोल जवळ आहे. सेमिनरी चालू संस्था असल्याने आत जायचं तर आधी परवानगी विचारावी आणि आवाज हळू ठेवावा. बाणावली मडगावच्या दुसऱ्या बाजूला, समुद्राकाठी. सांकवाळ वास्कोच्या वाटेवर, दाबोळी विमानतळाजवळ. आरोग्यमातेच्या चर्चची भिंत पाहायला संध्याकाळी जा. मावळतीचं ऊन तिच्या खिडक्यांतून आरपार येतं. १६ जानेवारीला संत जोसेफ वाझ यांचा सण असतो, तेव्हा गर्दी असते. शांतपणे पाहायचं असेल तर पावसाळ्यानंतरचे दिवस उत्तम. आणि वेळ काढून वेलिंगच्या लक्ष्मीनृसिंहालाही जाऊन या. सांकवाळची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही.